नाताळचा लाकडी गोठा: लाकडाआधी माळ्याचं दार मोजा

तुम्ही लिहिलंय की मागच्या नाताळात मुलीला सोबत घेऊन घरीच गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा, केलात. चार मिलिमीटर प्लायचा तळ, त्यावर हिरवा कागद आणि लाकडाचा भुसा चिकटवलेला, आंब्याच्या पट्ट्यांचे खांब, आइस्क्रीमच्या काड्या प्लायवर चिकटवून केलेलं छत. जानेवारीत प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून तो माळ्यावर टाकलात. आता नोव्हेंबरात काढला तर तळ वाकलेला, काड्या सुटलेल्या आणि खांबांच्या बुडाशी पिठासारखी भुकटी. तेव्हा यंदा सागवान घेतलं तर टिकेल का, असं विचारलंय. मूर्ती सहा इंची, हत्यारं म्हणजे एक हातकरवत, ड्रिल आणि पटाशी (खाच कोरायची), मुलगी सहा वर्षांची. गावचं घर वसईत, राहता ठाण्यात फ्लॅटमध्ये.

सागवानाने भुकटीचा प्रश्न बहुतेक सुटेल. तळ वाकणं आणि छत सुटणं हे मात्र सागवान घेऊनही पुढच्या वर्षी जसंच्या तसं होईल, कारण त्या दोन गोष्टींचा लाकडाच्या जातीशी फारसा संबंध नाही. गोठा आपण पंधरा-वीस दिवस मांडतो. २४ डिसेंबरच्या आठवड्यात लावला, ६ जानेवारीला तीन राजांचा सण झाला की उतरवला. उरलेले अकरा महिने तो अंधारात, बिनवाऱ्याच्या जागी असतो आणि त्या अकरा महिन्यांत आख्खा पावसाळा येतो. म्हणून गोठा टेबलासाठी करायचाच, पण त्याआधी तो माळ्यासाठी करायचा. मी वसईत सव्वीस वर्षं सुतारकाम करतोय, दरवर्षी हिवाळ्यात दोन-चार गोठे हातून होतात, आणि हे मला कुणी शिकवलं नाही. माझ्या मावशीसाठी पहिला मोठा गोठा केला तेव्हा सगळे जोड गोंद लावून पक्के केले, दगडासारखा घट्ट केला. नाताळ संपला आणि तो माळ्याच्या दारातून आत जाईना. गॅलरीत ठेवावा लागला आणि ऑगस्टपर्यंत संपला. मावशी काही बोलली नाही, पण तो भिजलेला गोठा टाकायला मीच गेलो होतो. तेव्हापासून कामाला हात लावण्याआधी मी घरच्यांना एकच प्रश्न विचारतो: उतरवल्यावर हा कुठे ठेवणार, आणि त्या जागेचं दार किती बाय किती?

आता तुमच्या गोठ्याचं नेमकं काय झालं ते पाहू, कारण ते कळलं की पुढची मापं आणि जोड आपोआप पटतील.

लाकूड हवेतलं पाणी घेतं आणि सोडतं. आपल्या किनारपट्टीवर पावसाळ्यात लाकडातलं पाणी त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण १६ ते १८ टक्क्यांपर्यंत चढतं, थंडीत घरात ते १२च्या आसपास उतरतं. पाणी चढलं की लाकूड फुगतं, पण सगळीकडे सारखं नाही. लांबीत ते जवळपास हलतच नाही. रुंदीत हलतं, आणि चांगलं हलतं. सोळा इंच रुंद अखंड फळी घेतलीत तर पावसाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत ती चार-पाच मिलिमीटर सहज कमी-जास्त होते. सागवान तुलनेने कमी हलतं, पण हलतंच. ही हालचाल थांबवता येत नाही, तिला जागा देता येते. सुतारकामातली निम्मी अक्कल म्हणजे ही जागा कुठे द्यायची ते ओळखणं.

तुमचा तळ वाकला तो प्लाय वाईट होता म्हणून नाही. वरच्या बाजूला तुम्ही गोंद, कागद, भुसा, पुन्हा गोंद असे थर दिलेत. खालची बाजू उघडी राहिली. खालून दमट हवा आत जाते, वरून जात नाही, एक बाजू फुगते, दुसरी फुगत नाही, मग पातळ प्लायला वाकण्यावाचून पर्याय उरत नाही. प्लायवर एका बाजूला जे कराल तेच दुसऱ्या बाजूलाही करायचं, हा नियम पाळला असता तर तोच प्लाय बऱ्यापैकी सपाट राहिला असता. काड्यांचंही तेच. काडीची नस, म्हणजे लाकडातल्या रेषा, एका दिशेला, खालच्या प्लायच्या वरच्या थराची नस दुसऱ्या दिशेला, मधे कडक झालेला गोंद. दोघं वेगवेगळ्या दिशांना ओढतात आणि गोंद मधे तुटतो. त्यात प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीत कोरडेपणा टिकतो असं वाटतं, प्रत्यक्षात बांधताना जी हवा आणि पेंढ्यातली ओल आत कोंडली ती आतच राहते, वर भिंत गार-गरम होईल तशी आतून घाम धरते.

भुकटीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण नव्या गोठ्याआधी याचा निकाल लावायला हवा. भुकटी टाल्कम पावडरसारखी मऊ असेल आणि लाकडावर टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं असतील तर तो भुंगा. त्याची अळी लाकडातल्या पिष्टावर जगते आणि आंब्याच्या लाकडात, विशेषतः सालीलगतच्या पांढऱ्या भागात, ते भरपूर असतं. भुकटी मऊ नसून खसखशीसारखी दाणेदार असेल तर ती सुक्या लाकडाची वाळवी, आणि मग गोठ्यापुरतं न पाहता माळ्याच्या दारांची चौकटही तपासा. तुमच्या वर्णनावरून मला भुंगाच वाटतो. पण तो आत अजून जिवंत आहे की काम उरकून गेला, हे नुसतं पाहून सांगता येत नाही. खांब ब्रशने स्वच्छ झाडा, काळ्या कागदावर उभे करा आणि दोन आठवडे हलवू नका. कागदावर ताजी भुकटी पडली तर तो आत आहे, आणि मग ते खांब सरळ बाहेर काढा. कागद स्वच्छ राहिला तरी मी तुमच्या जागी असतो तर खांब वापरले नसते, कारण थंडीत आतली अळी मंदावते आणि दोन आठवडे गप्प राहू शकते. मुलीने स्वतः घासलेले खांब आहेत म्हणून टाकवत नसतील तर पिशवीत घालून, हवा काढून, फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. एवढ्या बारीक पट्ट्यांना घरचा फ्रीजर पुरतो. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर बाहेरची वाफ लाकडावर पाणी होऊन बसेल.

लाकूड कुठलं, हे यानंतर येतं, आणि ते तुम्हाला काय मिळतं यावर अवलंबून आहे. नवशिक्याच्या हाताला आणि साध्या करवतीला मी पॅकिंगचं पाइन सुचवतो. हलकं, सरळ नसेचं, पटाशीला मऊ. परदेशातून आलेल्या खोक्यांच्या फळ्यांवर गव्हाच्या ओंबीसारख्या चिन्हाचा शिक्का असतो, त्यात एच-टी अक्षरं शोधा. याचा अर्थ ते लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला निदान ३० मिनिटं तापवलंय. आत किडा असेल तर तो मेलेला आहे. पुढे पुन्हा लागणारच नाही असं नाही, पण सुरुवात तरी स्वच्छ होते. एम-बी अक्षरं असतील तर ती फळी घरात आणू नका, तिला विषारी धुरी दिलेली असते. सागवान हवंच असेल तर वखारीत विकत घेण्यापेक्षा जवळच्या फर्निचरच्या कामावर तुकडे मागा. एक इंच जाडीचे फुट-दीड फुटाचे तुकडे तिथे जळणात जातात. फक्त गाभ्याचं, तपकिरी लाकूड घ्या. सागाचा पांढरा भागही भुंगा खातो, हे लोकांना ऐकून नवल वाटतं. फणस मिळाला तर सोनं. ताजा असताना पिवळाधमक, पाच-सात वर्षांत मधासारखा होतो, आणि गाभा टिकाऊ. आंबा घ्यायचाच झाला तर एक लिटर गरम पाण्यात ६० ग्रॅम बोरॅक्स आणि ४० ग्रॅम बोरिक ॲसिड विरघळवून कापलेले तुकडे त्यात दिवसभर बुडवा आणि सावलीत आठवडाभर वाळवा. हातमोजे घाला आणि ते पाणी मुलीच्या हाताला लागू देऊ नका.

आणखी एक लाकूड आहे, ते तुमच्याकडे असण्याची शक्यता आहे म्हणून विचारतो. वसईत जुनी कौलारू घरं एकेक करून उतरली. तुमचं गावचं घर उतरवताना कुणी वासे (छपराची तिरपी लाकडं), रिपा (त्यांवरच्या आडव्या पट्ट्या) बाजूला ठेवल्या होत्या का? गुरांच्या गोठ्यामागे, विहिरीजवळ, कुठेतरी बांधून ठेवलेल्या असतात. पन्नास-साठ वर्षं छपराखाली राहिलेली रीप जेवढी मुरायची तेवढी मुरलेली असते. ती आता नव्याने पिळणार नाही. अशा लाकडात तुटके खिळे असतात, तेव्हा करवत लावण्याआधी सबंध रीप चुंबकाने चाचपा. मी केलेल्या गोठ्यांत मला सगळ्यात जवळचे वाटतात ते हेच. आजोबांच्या घराचं आढं (छपराच्या माथ्याचं आडवं लाकूड) आता बाळ येशूच्या गोठ्याचं आढं आहे, हे त्या घरच्या पोरांना माहीत असतं आणि ती ते पाहुण्यांना दाखवतात.

कामाला सुरुवात कुठून करायची? बहुतेक जण भिंती आणि छतापासून करतात. मी गव्हाणीपासून, म्हणजे गुरांना चारा घालायच्या जागेपासून, करतो. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात बाळाला गव्हाणीत ठेवल्याचं लिहिलंय, गोठ्याचं नाव तिथे नाही, बैल आणि गाढवही नाहीत. असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीत ग्रेच्चो इथे नाताळची रात्र मांडली तेव्हाही गव्हाण होती, तिच्यात गवत होतं, बाजूला बैल आणि गाढव. गोठा म्हणजे गव्हाणीवरचं छप्पर. आणि कामाच्या दृष्टीनेही हेच सोयीचं आहे: बाळाची मूर्ती मोजली की गव्हाणीचं माप ठरतं, सगळ्यात उंच मूर्ती मोजली की वळचणीची (छपराच्या खालच्या कडेची) उंची ठरते, त्यावरून बाकी सगळं.

सहा इंची संचात बाळाची मूर्ती साधारण दोन इंचांची असते, पण तुमची मोजा. तिच्यापेक्षा अर्धा इंच लांब आणि अर्धा इंच रुंद गव्हाण पुरे. पाव इंच जाडीच्या पट्ट्यांच्या दोन कात्र्या करायच्या. दोन पट्ट्या एकमेकींवर आडव्या जिथे येतात तिथे दोन्हींत निम्म्या जाडीची खाच मारायची आणि एकीत एक बसवायची. मग दोन्ही कात्र्यांच्या वरच्या बाजूला आतून दोन-दोन काड्या. आइस्क्रीमच्या काड्या इथे चालतील, कारण इथे त्या लाकडाच्या सपाट अंगावर पूर्ण चिकटवायच्या नाहीत, फक्त टोकांशी टेकवायच्या आहेत. ही अर्धी खाच आधी इथे शिकून घ्या. बिघडली तर चार इंचांची पट्टी बिघडेल. पुढे मोठ्या चौकटीत हाच जोड आहे. आणि गव्हाण तळाला चिकटवू नका. चोवीसच्या मध्यरात्रीच्या मिस्सेनंतर (चर्चमधल्या प्रार्थनेनंतर) बाळ ठेवायची पद्धत तुमच्या घरी असेल तर तोवर गव्हाण रिकामी दिसली पाहिजे आणि त्या रात्री मुलीला ती हातात घेता आली पाहिजे.

आता गोठा. आकार कसा असावा यावर मतं वेगळी असतात. बेथलेहेमला जन्मस्थानाच्या चर्चखाली गुहाच आहे, म्हणून काही जण खाकी कागदाची गुहा करतात, आणि ते बरोबरही आहे. माझा ओढा आपल्या गोठ्याकडे आहे: मेढी (आढं पेलणारे मधले खांब), आढं, वासे, रिपा, वर पेंढा. लहानपणी ज्या गोठ्यात शेणाचा वास घेतला तो हाताला माहीत असतो, त्यामुळे प्रमाण चुकत नाही.

सहा इंची मूर्तींना सोळा इंच रुंद आणि बारा इंच खोल गोठा ऐसपैस होतो. वळचण नऊ इंचांवर, म्हणजे उंच मूर्तीच्या दीडपट. आढं तेरा इंचांवर. याहून बुटका केलात तर उभ्या माणसाला नुसतं छप्पर दिसेल. नेहमीच्या अडीच फुटी टेबलावर ठेवलात तर आतला उजेड बरोबर तुमच्या मुलीच्या डोळ्यांच्या पातळीला येईल.

आता उतरवता येईल असा कसा करायचा, ते सांगतो. तळ, दोन बाजूंच्या चौकटी, तीन आडवी लाकडं, छपराच्या दोन पाख्या (उतरत्या बाजू) आणि गव्हाण. एकूण नऊ तुकडे. प्रत्येक तुकडा आतून गोंदाने पक्का, पण तुकड्या-तुकड्यात गोंद अजिबात नाही. उतरवल्यावर सगळ्यात मोठा तुकडा तळ, आणि सगळं एकावर एक रचलं की थप्पी पाच-सहा इंच. माळ्याचं दार सोळा इंचांपेक्षा अरुंद असेल तर तळ मधोमध दोन भागांत करा. म्हणूनच म्हटलं की दार आधी मोजा.

तळ बावीस इंच बाय सोळा इंच. अखंड फळी नको. चार-चार इंच रुंदीच्या चार फळ्या शेजारी-शेजारी ठेवा, मधे नाण्याच्या जाडीएवढी फट, आणि खालून दोन आडव्या पट्ट्या स्क्रूने. फुगणारी प्रत्येक फळी त्या फटीत जागा शोधते, शेजारणीला ढकलत नाही. फटी पेंढ्याखाली दिसत नाहीत. खालच्या पट्ट्यांमुळे तळ टेबलापासून इंचभर उचलला जातो आणि दिव्यांची वायर खालून नेता येते. त्यासाठी भोक पाडू नका, मागच्या कडेला खाच कापा. भोकातून वायर जाते, पिन जात नाही, आणि मग ऐन तेवीस तारखेला वायर कापायची वेळ येते. तळ प्लायचाच करायचा असेल तर निदान बारा मिलिमीटरचा घ्या, आयएस ७१० या मानकाच्या शिक्क्याचा मरीन (ओल सोसणारा) असेल तर उत्तम, आणि कडांसकट सहाही बाजूंना सारखंच तेल किंवा रंग द्या. एमडीएफ (लाकडाचा लगदा दाबून केलेला बोर्ड) मात्र नको. एक पावसाळा, आणि कडा पावासारख्या फुलतात.

बाजूची चौकट म्हणजे एक इंची चौरस लाकडाचे नऊ इंचांचे दोन खांब, मधे तेरा इंचांची मेढ, खाली एक बारा इंची आडवं आणि वळचणीच्या उंचीवर दुसरं बारा इंची आडवं. जिथे जिथे एकमेकांना छेदतात तिथे गव्हाणीत शिकलेली अर्धी खाच. अशा दोन चौकटी अगदी एकसारख्या व्हायला हव्यात, तेव्हा मापं दोनदा घेऊ नका. दोन्हींचे खांब एकत्र धरून, बुडं जुळवून, एकाच वेळी गुण्याने (काटकोनी मापपट्टीने) रेघ मारा. खाच कापताना करवत रेघेच्या आत, टाकाऊ बाजूला चालवा आणि रेघ पटाशीसाठी राखा. आधी गोंद न लावता चौकट बसवून पाहा. हाताने दाबून बसली पाहिजे, हातोडीने ठोकावी लागली तर लाकूड चिरेल आणि बोटाने हलली तर गोंद धरणार नाही. पांढरा गोंद पातळ लावा, दोरीने आवळून चोवीस तास सोडा. चौकट काटकोनात आहे की नाही हे कर्ण मोजून पाहा, दोन्ही कर्ण सारखे भरले की झालं.

चौकटीच्या बुडात दोन भोकं आणि तळावर त्या जागी बांबूच्या दोन खुंट्या गोंदाने रोवलेल्या, अर्धा इंच वर आलेल्या. चौकट वरून बसते. मग अठरा इंचांची तीन आडवी लाकडं: पुढच्या खांबांवर एक, मागच्या खांबांवर एक आणि मेढींवर आढं. मेढीच्या डोक्याला इंग्रजी यू आकाराची खाच, त्यात आढं बसतं. प्रत्येक टोकाला वरून एक पाच मिलिमीटरचं भोक आणि त्यात बांबूची खुंटी. खुंटीचं टोक चाकूने किंचित निमुळतं करा. ती डिसेंबरात बोटाने काढता-घालता आली पाहिजे. पावसाळ्यात हीच खुंटी फुगून आवळते, पण तेव्हा ती भोकात नसेलच. बांबूच्या खुंट्या घासणं आणि बसवणं हे काम मुलीचं. सहा वर्षांच्या मुलाला करवत देऊ नका, पण घासपेपर, खुंट्या, पेंढा कापणं आणि प्रत्येक तुकड्याच्या मागे पेन्सिलने खूण करणं, एवढं काम तिला मनापासून जमतं. तिच्या खुणा तिलाच पुढच्या वर्षी आठवतात.

छपराला लोक सगळ्यात जास्त घाबरतात, कारण उताराचा कोन. तो कापायचाच नाही. प्रत्येक पाखी अठरा इंच बाय साडेआठ इंचांची सपाट जाळी आहे: खाली चार वासे, वर पाव इंची रिपा अंतर ठेवून बारीक खिळ्यांनी ठोकलेल्या. पाखी नुसती आढ्यावर आणि वळचणीच्या आडव्यावर टेकते, कोन आपोआप पडतो. घसरू नये म्हणून वरच्या टोकाशी खालून एक बारकी पट्टी मारा, ती आढ्याच्या मागे अडकेल. मंगळुरी कौलाच्या पाठीला जसं नाक असतं आणि ते रिपेत अडकून बसतं, तीच युक्ती. दोन्ही पाख्यांची नाकं आढ्यावर एकमेकांना भिडू नयेत म्हणून एकीची पट्टी टोकांना आणि दुसरीची मधे ठेवा. वर आढ्याशी फट दिसेल, तिथे पेंढ्याची एक लांब जुडी दोऱ्याने बांधून टाकली की खऱ्या गोठ्यासारखं दिसतं. कोन कापायची हौस असेलच तर गुण्यावर एका बाजूला सहा आणि दुसऱ्या बाजूला चार इंच धरून रेघ मारा. बारा इंच खोलीच्या निम्मे सहा, आणि वळचणीपासून आढ्यापर्यंत चढ चार, एवढाच त्याचा हिशेब आहे.

रंगापेक्षा मी उकळलेलं अळशीचं तेल पसंत करतो. पातळ हात, पंधरा मिनिटांनी पुसून काढायचं, दोन दिवसांनी दुसरा हात, आणि लाकडाची कापलेली टोकं विसरायची नाहीत, पाणी तिथूनच सगळ्यात जास्त जातं. लाखेचं पॉलिश देखणं असतं, पण माळ्यावरच्या दमटपणात त्यावर पांढरी साय धरते. तेलाबाबत एक धोका गंभीरपणे घ्या. तेल पुसलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात किंवा कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. अळशीचं तेल वाळताना गरम होतं आणि गोळा केलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. ते उलगडून दोरीवर पूर्ण वाळवा, मगच टाका.

आगीचा विषय निघालाच आहे तर, आत मेणबत्ती किंवा पणती कधीही नको. एकदा वाळलेला पेंढा आणि तेल दिलेली लाकडं, ठिणगीला दुसरं काही लागत नाही. बारीक एलईडीची यूएसबीवर चालणारी माळ घ्या, ती फारशी तापत नाही, आणि पुढच्या आडव्याच्या मागच्या अंगाने लावा, म्हणजे दिवे दिसणार नाहीत, उजेड मूर्तींच्या चेहऱ्यावर पडेल. रात्री झोपताना मात्र बंद करा.

पेंढा दरवर्षी नवा. घालण्याआधी एक दिवस कडक उन्हात टाका आणि उतरवताना तो लाकडांबरोबर माळ्यावर पाठवू नका, कारण किडे आणि ओल दोन्ही त्याच्यासोबत जातात. नाचणी किंवा गहू आठ-दहा दिवस आधी करवंटीत पेरून कोवळी हिरवळ मांडायची असेल तर करवंटी नुसती तळावर ठेवू नका, खाली पत्र्याची बशी घाला. रोज दोन चमचे पाणी आठ दिवस एकाच फळीवर झिरपलं तर बाकीची सगळी काळजी वाया जाते.

उतरवल्यावर तुकडे ओल्या नव्हे, कोरड्या कापडाने पुसा, दोन दिवस खोलीत उघडे ठेवा आणि जुन्या सुती साडीत किंवा चादरीत गुंडाळा. तळ खाली, त्यावर पाख्या, मग चौकटी, मधे मधे वर्तमानपत्राच्या घड्या. उभं टेकवून ठेवू नका, आडवंच. खुंट्या एका डबीत, आणि डबी त्याच गाठोड्यात. माळा बाथरूमच्या वर असेल तर कपाटाचा माथा बरा. ऑक्टोबरात ऊन कडक झालं की गाठोडं एकदा सोडून दोन दिवस हवेवर ठेवा आणि खाली तोच काळा कागद अंथरा.

वेळेचं म्हणाल तर नोव्हेंबरचा हा आठवडा उशिराचा नाही. लाकूड आणलंत की लगेच कापू नका. चार-पाच दिवस ते तुमच्या घरातच पडू द्या, त्याला तुमच्या खोलीची हवा लागू द्या. पुढच्या शनिवार-रविवारी गव्हाण आणि एक चौकट, त्यापुढच्या आठवड्यात दुसरी चौकट आणि तळ, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात छप्पर, मग तेल. तेलाचा वास जायला आठवडा लागतो, तो हाताशी ठेवा. आगमनकाळाच्या (नाताळआधीच्या चार आठवड्यांच्या) शेवटच्या रविवारी मांडायला गोठा तयार असेल.

जुना गोठा मात्र टाकू नका. वाकलेल्या प्लायवरचा हिरवा कागद पाण्याने भिजवून काढा, वरून वजन ठेवून वाळवा, नव्या गोठ्यामागे आकाश रंगवायला तो उपयोगी पडेल. खांबांचं अजून ठरत नाही. काळा कागद आजच अंथरा, माळ्याच्या दाराचं माप घ्या आणि गावाला फोन करून रिपांची चौकशी करा. दोन आठवड्यांनी कागदावर काय दिसतं ते कळवा, मग खांबांचं बोलू.